भूल दिली तेव्हाचे सव्वादोन तास 'मी' होतो का?

कराडी_गूळ

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. डावा हात अजून गळ्यात अडकवलेला आहे, एका हाताने टंकतोय, शुद्धलेखन चालवून घ्या.

झालं असं की मागच्या महिन्यात पावसात गाडी घसरली आणि कॉलरबोनचे दोन तुकडे. प्लेट टाकायची ठरली आणि त्यासाठी पूर्ण भूल, आयुष्यात पहिल्यांदाच. टेबलावर घेतलं, सुईतून दुधासारखं पांढरं काहीतरी सोडायला लागले, भूल देणाऱ्या मॅडम गप्पा मारत होत्या, गाव कुठलं तुमचं म्हणाल्या, मी म्हटलं कराडजवळ उंब्रज. बास. म्हणजे माझ्या लेखी मी एका दमात बोललो. प्रत्यक्षात 'कराडजवळ' ऑपरेशन थिएटरमधे म्हटलेलं आणि 'उंब्रज' रिकव्हरीत, मधे सव्वादोन तास गेले आणि खांद्यात सात स्क्रू बसले. सिस्टर हसायलाच लागली, म्हणे काका उंब्रज काय, झालं तुमचं ऑपरेशन.

रात्री झोपतो तेव्हा असं होत नाही हो. कितीही गाढ झोपलो तरी उठल्यावर वेळ गेलाय एवढं तरी जाणवतं, आळस असतो, तोंडाला चव असते. वहीतलं पान फाडलं तरी शिवणीपाशी फाटकी कड राहते ना, तशी कड झोपेला असते. इथे कडच नाही. दोन शब्द एकमेकांना चिकटलेले आणि मधलं पान कधी नव्हतंच.

आता मूळ प्रश्न. आमचे अण्णा (वडील) शाळामास्तर आणि वेदान्ताचं वेड. ते सांगायचे, झोपून उठल्यावर माणूस म्हणतो 'सुखमहमस्वाप्सं न किञ्चिदवेदिषम्', मी सुखाने झोपलो, मला काही कळलं नाही. आता काही कळलं नाही हे तुला आठवतंय ना, मग आठवण ही अनुभवलेल्याचीच होते, म्हणजे गाढ झोपेतही ते 'काही नाही' बघणारा कोणीतरी जागा होता. तो साक्षी. लहानपणी हे ऐकून अंगावर काटा यायचा. पण मला तर 'काही कळलं नाही' हेसुद्धा आठवत नाहीये. मग त्या पांढऱ्या औषधाने साक्षीलाही आडवा केला काय? बायको बाहेर बाकड्यावर बसलेली, तिचे सव्वादोन तास चांगलेच लांब गेले. माझे गेलेच नाहीत. शरीर तिथे होतं हे कबूल, पण मी होतो का?

---

खारेदाणे

पहिला नंबर! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हाताला जपा, फिजिओ चुकवू नका.

---

चहाटळ

आमच्या ऑफिसात दर सोमवारच्या मीटिंगमधे हा अनुभव भूलतज्ज्ञाशिवाय मिळतो. दहा वाजता 'गुड मॉर्निंग' ऐकू येतं आणि त्याला लागूनच 'एनी क्वेश्चन्स'. हलके घ्या.

---

तर्कटी

धागा आवडला, पण अण्णांनी तुम्हाला वादाची एकच बाजू सांगितली. याच वाक्यावर नैयायिक (गौतम मुनींच्या न्यायदर्शनाचे) आणि अद्वैती (अण्णांचे वेदान्ती) शेकडो वर्षं भांडलेत.

नैयायिकांचं म्हणणं साधं आहे. 'मला काही कळलं नाही' ही आठवण नाहीच, ते अनुमान आहे. उठल्यावर अंग हलकं वाटतं, उन्हं वर आलेली दिसतात, मधलं काही आठवत नाही, त्यावरून आपण जागेपणी निष्कर्ष काढतो की झोप लागली होती आणि छान लागली होती. सकाळी अंगण ओलं दिसलं की रात्री पाऊस झाला म्हणतो, त्यासाठी कोणी साक्षी रात्रभर छत्री घेऊन उभा असावा लागत नाही. न्यायमतात ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे, तो मनाच्या संयोगाने येतो आणि जातो, गाढ झोपेत नसतो. विषय संपला.

तुमच्या केसमधे तर अंग हलकं वगैरे लक्षणंही नव्हती, म्हणून अनुमान करायलाही काही सापडलं नाही, सिस्टरने सांगितलं तेव्हा शब्दप्रमाणाने (दुसऱ्याच्या सांगण्यावरून) कळलं. म्हणजे गौतम मुनींचा विजय असो.

आणि खरं सांगू का, मी त्याच्याही पुढे चार्वाकांपर्यंत (आत्मा न मानणारे जडवादी) जाईन. किण्वापासून (आंबवणापासून) जशी मादकता तयार होते तसं माती-पाणी वगैरे महाभूतांपासून चैतन्य. पिठात नशा नसते, गुळात नसते, आंबवलं की येते. मग एका औषधाने ती उतरते यात नवल काय? रसायनाने चढलं, रसायनाने उतरलं.

---

झोपेचं_सोंग

आयडीवर जाऊ नका, गेली १९ वर्षं लोकांना झोपवण्याचाच धंदा आहे, भूलतज्ज्ञ आहे. धागा वाचून ड्यूटीवरून आल्या आल्या लिहायला बसले, त्यामुळे विस्कळीत होईल.

आधी तुमचं पांढरं दूध. ते प्रोपोफॉल. पाण्यात विरघळत नाही म्हणून सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या लेसिथिनमधे घुसळून देतात, तो पांढरा रंग त्याचा. गाव विचारणं ही आमची जुनी खोड आहे, गप्पा कमी आणि पेशंट कुठल्या शब्दावर अडखळतो ते बघणं जास्त.

आता मुद्दा. तुम्ही सगळे भूल म्हणजे एक बटण समजताय. तसं नाहीये. शुद्ध जाणं वेगळं, आठवण न बनणं वेगळं, वेदना न होणं वेगळं आणि स्नायू ढिले पडणं वेगळं. चारही गोष्टींची औषधं बरीचशी वेगवेगळी आहेत आणि आम्ही त्यांची मिसळ करतो. आता बघा, मिडॅझोलॅम नावाचं औषध थोडं दिलं तर माणूस माझ्याशी व्यवस्थित बोलतो, हात वर करा म्हटलं की करतो, जोकवर हसतो. दुसऱ्या दिवशी विचारा, काहीही आठवत नाही, शपथेवर सांगेल की मी झोपलेलो होतो. मी त्याच्या समोर होते, तो जागा होता. तेव्हा 'मला काही आठवत नाही' यावरून 'मला काही जाणवत नव्हतं' यावर उडी मारू नका, कराडी. तुमचं पान कधी नव्हतंच का लिहून झाल्यावर कड न ठेवता काढलं, हे उंब्रज म्हणणाऱ्या कराडीला कधीच सांगता येणार नाही.

याहून विचित्र एक आहे. टनस्टॉल नावाच्या भूलतज्ज्ञाने १९७७ मधे एक युक्ती छापली. स्नायू ढिले करणारं औषध द्यायच्या आधी एका हाताला बीपी मोजतात तसला पट्टा आवळायचा, म्हणजे ते औषध त्या हातात जात नाही. बाकी शरीर लुळं, तो एक हात मोकळा. मग पेशंटच्या कानात म्हणायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. २०१७ साली अनेक देशांतल्या हॉस्पिटलांनी मिळून हे २६० पेशंटांवर करून बघितलं. १२ जणांनी हात दाबला. घशात नळी घातलेली, भूल चालू, आणि हात दाबला. नंतर विचारलं तर आठवत काही नाही.

घाबरू नका कोणी. ऑपरेशनमधलं खरंच आठवलं आणि पेशंटने आपणहून सांगितलं अशा केसेस ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत साधारण १९ हजारात एक निघाल्या. मुद्दाम पुन्हा पुन्हा खोदून विचारणाऱ्या अभ्यासांत हजारात एक-दोन येतात. प्रश्न कसा विचारता त्यावर आकडा बदलतो. पण हे १२ जण मला पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून सोडत नाहीत. त्या क्षणी तिथे कोण होतं? ज्याने हात दाबला त्याला उद्या नाही. त्याची कोणी आठवणही काढणार नाही, कारण आठवण काढणारा तोच असायला हवा होता.

आणि तर्कटी, एक काडी टाकून जाते. प्रोपोफॉलवरून उठलेले कितीतरी पेशंट म्हणतात, डॉक्टर काय मस्त झोप लागली, वर्षभरात अशी लागली नव्हती. पोटाला टाके पडलेत, नळी घालून घसा खवखवतोय, आणि म्हणे मस्त झोप. हे कशावरून अनुमान केलं म्हणायचं?

---

खारेदाणे

पॉपकॉर्न खाली ठेवले.

---

तर्कटी

@झोपेचं_सोंग, मॅडम, काडी चांगलीच लागली. औषधाचाच परिणाम, उठताना मूड चांगला असतो म्हणून मागचंही चांगलं वाटतं, हे माझं उत्तर. पण ते घाईचं आहे हे मलाही कळतंय. बघतो विचार करून.

---

अनुस्वार

संस्कृत शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. तर्कटीदादा, तुमच्या नैयायिकांच्या मोक्षात आत्म्याला ज्ञानही नसतं आणि सुखही नसतं, दगडासारखा पडून राहतो. त्यांचे जोडीदार वैशेषिक, त्यांचीही तीच तऱ्हा, म्हणून तर कोणीतरी श्लोकात म्हणून ठेवलंय की असल्या वैशेषिक मुक्तीपेक्षा वृंदावनात कोल्हा झालेलं बरं.

आता कराडी_गूळ यांच्यासाठी. तुम्ही सुषुप्तीचं (गाढ झोपेचं) वाक्य भुलेला लावलंत तिथेच गडबड झाली. जुन्या लोकांना हा फरक माहीत होता. ब्रह्मसूत्रांत मूर्च्छेसाठी स्वतंत्र सूत्र आहे, 'मुग्धेऽर्धसंपत्तिः परिशेषात्'. तिसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादात बघा. शंकराचार्य तिथे अगदी डॉक्टरसारखे लक्षणं तपासतात. जागेपण नाही, कारण विषय दिसत नाहीत. स्वप्न नाही, कारण भानच नाही. मेलेला नाही, कारण ऊब आहे. मग झोप म्हणावी का? तर नाही. झोपलेल्याचा चेहरा शांत असतो, श्वास संथ असतो आणि नुसता हात लावला की तो उठतो. मूर्च्छित मुद्गराचे घाव घातले तरी उठत नाही. म्हणून ही अर्धी संपत्ती, अर्धी झोपेच्या बाजूची आणि अर्धी दुसऱ्या अवस्थेच्या बाजूची, तिला ते मरणाचं दार म्हणतात.

मुद्गराचे घाव म्हटल्यावर मला तुमचे सात स्क्रू आठवले, सॉरी.

आणि साक्षी म्हणजे आत बसलेला वॉचमन नव्हे, की जो रात्रभर जागतो आणि सकाळी रजिस्टर दाखवतो. नोंदी ठेवणं हे अंतःकरणाचं (मन-बुद्धीचं) काम. ते लीन झालं की नोंद नाही. डॉक्टरताई म्हणतात तेच, आठवण वेगळी आणि भान वेगळं. अद्वैत्यांनी आठवणीवरून साक्षी सिद्ध करायला जाणं हा त्यांचा युक्तिवाद म्हणून कच्चा आहे असं माझं स्वतःचं मत आहे, पाठशाळेत बोलले असते तर बाहेर काढलं असतं.

पतंजलींची गंमत त्याहून वेगळी. ते झोपेला सरळ वृत्तीच म्हणतात, 'अभावप्रत्ययालम्बना वृत्तिर्निद्रा'. म्हणजे झोप हे चित्ताचं थांबणं नाही, तेही चित्ताचं एक काम. अभाव धरून बसण्याचं काम. मग भूल म्हणजे ते कामही बंद?

---

बोस्टनचा_बाळू

इथे रात्रीचे दोन वाजलेत आणि मी हे वाचतोय, बायको ओरडतेय.

भुलेचं पहिलं यशस्वी जाहीर प्रात्यक्षिक जिथे झालं ते माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला ईथर डोम, १६ ऑक्टोबर १८४६. मॉर्टन नावाच्या दाताच्या डॉक्टरने गिल्बर्ट अ‍ॅबट या पेशंटला ईथर हुंगवलं आणि वॉरन या सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. पाहुणे आले की मी तिकडे नेतो, घुमटाखाली जुनी बाकं आहेत, एक इजिप्शियन ममीसुद्धा आहे, का आहे विचारू नका.

सांगायचं कारण असं की अ‍ॅबट काही पूर्ण गायब झाला नव्हता. दुखलं नाही म्हणाला, पण मान कोणीतरी खरवडतंय असं वाटत होतं. म्हणजे पहिल्याच जाहीर केसमधे वेदना गेली आणि भान थोडं उरलं. चार बटणं वेगळी आहेत हे पहिल्या दिवशीच दिसलं होतं.

तर्कटी यांच्या रसायनाबद्दल. मेंदूत साधारण ८६०० कोटी न्यूरॉन, त्यातले अंदाजे ६९०० कोटी मागच्या छोट्या मेंदूत. आता चैतन्य नुसतं रसायन आणि संख्येचा खेळ असेल तर ते तिथे असायला हवं. पण २०१४ मधे चीनमधल्या २४ वर्षांच्या एका बाईची केस छापून आली, तिला छोटा मेंदू जन्मापासूनच नव्हता. चालताना तोल जायचा, बोलणं थोडं जड. बाकी शुद्धीत, लग्न झालेलं, मूलबाळ. म्हणजे किती माल आहे यापेक्षा तो कसा जोडलाय याला महत्त्व आहे. टोनोनी या मेंदूसंशोधकाचा सिद्धांत तेच म्हणतो, माहिती एकमेकांत किती गुंफलेली आहे ते मोजा. इटलीत मासिमिनी आणि मंडळींनी त्यावरून मोजमापही काढलं, डोक्याबाहेरून मेंदूला चुंबकीय टिचकी मारायची आणि पडसाद किती गुंतागुंतीचे उठतात ते बघायचं. प्रोपोफॉलमधे पडसाद साधा येतो, घंटा वाजून विरल्यासारखा. केटामाइन या दुसऱ्या भुलेच्या औषधात पेशंट तसाच निपचित असतो पण पडसाद जागेपणासारखे, आणि उठल्यावर तो स्वप्नं सांगतो.

पण म्हणून कोडं सुटलं असं नाही. कॉख या मेंदूवाल्याने १९९८ मधे चामर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती की २५ वर्षांत मेंदूतली चैतन्याची खूण नक्की सापडेल. २०२३ मधे न्यूयॉर्कला भर सभेत हरला आणि वाईन द्यावी लागली. त्याच वर्षी १२४ अभ्यासकांनी सही करून टोनोनींच्या सिद्धांताला छद्मविज्ञान म्हटलं. म्हणजे नैयायिक आणि अद्वैती अजून भांडतायत, फक्त आता ग्रँट घेऊन.

---

चहाटळ

वाईन जिंकायला चैतन्याबद्दल काही न सापडणं पुरेसं आहे? मग मीही तत्त्वज्ञ.

---

ओसरी

मी सहसा वाचनमात्र असते. लिहू की नको असं चाललं होतं.

माझे सासरे मेंदूतल्या रक्तस्रावानंतर पाच महिने अंथरुणावर होते, डोळे उघडे, पण ओळख नाही, प्रतिसाद नाही. डॉक्टर म्हणाले काही समजत नाहीये. सासूबाई रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायच्या, मृत्युलेख सोडून. आम्ही पोरं आडून म्हणायचो की हे आईंच्या समाधानासाठी आहे.

ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी एका लेखात वाचलं. केंब्रिजमधे ओवेन नावाच्या संशोधकाने २००६ मधे एका २३ वर्षांच्या मुलीचा मेंदू स्कॅनरमधे बघितला, अपघातानंतर पाच महिने ती अशीच पडून होती. तिला म्हणाले, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. मग म्हणाले, स्वतःच्या घरात खोल्याखोल्यांतून फिरतेयस असं समज. आणि धडधाकट माणसांच्या मेंदूचे जे भाग त्या त्या वेळी पेटतात तेच तिचे पेटले. बोट हलत नव्हतं पण ती मनात टेनिस खेळत होती.

सगळेच तसे नसतात हे मला माहितीये, सासऱ्यांचं काय होतं ते कळायला आता मार्ग नाही. पण मृत्युलेख का सोडायच्या हे मी तेव्हा सासूबाईंना विचारलं नाही. त्या ऐकणारा आहे असंच धरून वाचत होत्या.

---

झोपेचं_सोंग

@ओसरी, थिएटरमधे मी ज्युनिअरांना पहिल्या दिवशी हेच सांगते, पेशंट झोपलाय म्हणून त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलायचं नाही. त्या २६० मधे आपला कुठला ते माहीत नसतं.

---

तर्कटी

दोन दिवस विचार केला. झोपेचं_सोंग यांच्या हात दाबणाऱ्यांनी माझी अडचण केलीये. मी अनुमानवाला, माझं म्हणणं की जागं होऊन मागे वळून बघितल्यावरच झोप 'कळते'. पण ते १२ जण तेव्हाच्या तेव्हा उत्तर देत होते आणि मागे वळून बघणाऱ्याला त्यातलं काही सापडत नाही. म्हणजे अनुमान चुकलं. कराडींनी 'मी नव्हतो' असं अनुमान केलं तर तेही चुकू शकतं. न्यायात हेत्वाभास (फसवं कारण) म्हणतात तो हाच.

पण अद्वैत्यांचंही कुठे बरोबर निघतं? आठवण नाही म्हणजे साक्षी नाही असं होत नाही, मान्य. पण मग आठवण आहे म्हणजे साक्षी होता, हे तरी कशावरून? दोघांनीही आठवणीलाच साक्षीदार बनवलं आणि साक्षीदार फितूर निघाला.

---

अनुस्वार

+१. हे लिहून ठेवते, वर्गात वापरीन.

---

कराडी_गूळ

सगळ्यांचे आभार, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती.

काल रात्री अण्णांची अमृतानुभवाची प्रत काढली. ज्ञानोबा शून्यवाद्यांना उत्तर देतात तिथे अण्णांनी पेन्सिलीने दोन रेघा मारून ठेवल्यात. भावार्थ असा की दिवा मालवणाराच जर दिव्याबरोबर मालवला गेला तर दिवा मालवला हे कळणार कोणाला, आणि झोप येता येता झोपणाराच जिवानिशी गेला तर झोप चांगली लागली हे जाणणार कोण. लहानपणी मला वाटायचं यात उत्तर आहे, की म्हणून मालवणारा उरतोच. काल वाचताना वाटलं ज्ञानोबांनी प्रश्नही खरा विचारलाय. माझा मालवणारा गेला होता का उरला होता? मी म्हणतो गेला, पण म्हणणारा नंतर आलेला आहे. तर्कटी म्हणतात तसा फितूर.

एक मात्र नक्की बदललं. आधी मला वाटत होतं की मधे काही नव्हतं आणि त्याची भीती वाटत होती, रात्री दिवा मालवताना कसंसंच व्हायचं. आता वाटतं कदाचित होतं, कोणीतरी ड्रिलचा आवाज ऐकला असेल, कदाचित त्याला काही म्हणायचंही असेल, आणि तो मी होतो पण मला त्याची ओळख नाही. याने भीती कमी झाली का वाढली ते ठरवता येईना. बायकोला सांगितलं तर म्हणाली तू उंब्रज म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं, पुढचं तू बघ.

बरं, झोपेचं_सोंग मॅडम, एक विचारायचं होतं. सर्जन म्हणालेत की दीड वर्षाने प्लेट काढावी लागेल, म्हणजे परत भूल. तर त्या वेळी एका हाताला तो पट्टा आवळून घेता येईल का? आणि कोणीतरी कानात विचारायचं, की गाव कुठलं. मला पुढे आठवणार नाही हे माहितीये. पण बाहेर बायकोला सांगता येईल ना, की दाबला होता का नाही.

---

झोपेचं_सोंग

तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारा, नाही म्हणतील असं वाटतं. मी असते तर मीही नाही म्हटलं असतं, आणि मग गुपचूप कानात विचारलं असतं.

आदल्या रात्री बारानंतर काही खाऊ नका. चहासुद्धा नाही.